रक्तस्राव थांबवायचा आहे की पिशवी काढायची आहे?

"मॅडम, पिशवी काढायची हाय. तारीख तेवढी द्या."

वैराग आणि आसपासच्या गावांतून येणाऱ्या बायकांच्या तोंडून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की आता बाई बोलायच्या आधीच मला ते ऐकू येतं. बाई बहुतेक वेळा पस्तिशीच्या आतबाहेरची असते. दोन-तीन मुलं, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं. हातात कॅरीबॅग आणि तिच्यात सोनोग्राफीची फाईल. डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली तर आत पांढरीफटक. हिमोग्लोबिन सात, कधी साडेसहा. सोबत सासू किंवा नवरा असतो आणि पैशांची जुळवाजुळवही झालेली असते.

मी विचारते, "ताई, आतापर्यंत काय काय उपचार झाले?"

उत्तर ठरलेलं असतं. "गोळ्या खाल्ल्या की दोन महिने. काय फरक न्हाई."

कोणत्या गोळ्या, किती दिवस, पाळीच्या कोणत्या दिवसापासून, हे कुणालाच माहीत नसतं. थायरॉइड तपासलेला नसतो. पिशवीच्या तोंडाची तपासणी झालेली नसते. रक्तवाढीचं औषधसुद्धा धड दिलेलं नसतं. म्हणजे उपचाराच्या जिन्याची पहिली पायरीही नीट चढलेली नाही, आणि बाई थेट गच्चीच्या कठड्यावर येऊन उभी आहे!

आजचा लेख या मधल्या पायऱ्यांबद्दल आहे आणि तो थोडा रागाने लिहिला आहे. अंगावरून जास्त जाणं हा आजार आहे, तो सोसत बसू नये, याबद्दल वाद नाही. पण त्यावर पिशवी काढणं हा शेवटचा उपाय आहे. आपल्याकडे तो पहिला होऊन बसला आहे. ही चूक बायकांची नाही. ती आम्हा डॉक्टरांची आहे, आणि त्यात मी स्वतःलाही धरते.

आकडे काय सांगतात?

२०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पहिल्यांदाच बायकांना विचारलं गेलं, की तुमची पिशवी काढली आहे का. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ३.२ टक्के जणींनी 'हो' सांगितलं. टक्केवारी लहान वाटेल, पण पुढचं वाचा. ज्यांची पिशवी काढली होती, त्यांच्यातल्या निम्म्या जणींची ती ३४ वर्षांच्या आत काढली गेली होती. साधारण दोन तृतीयांश शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यांत झाल्या होत्या. आणि निम्म्याहून अधिक जणींनी कारण सांगितलं ते एकच: पाळीत जास्त रक्त जाणं किंवा पोटात दुखणं.

म्हणजे कॅन्सर नाही, जीवघेणी गाठ नाही. अंगावरून जास्त जाणं! ज्यावर गोळ्या आहेत, तांबीसारखं साधन आहे, बिनटाक्यांची छोटी प्रक्रिया आहे, तेच कारण.

आपल्या जवळच्या बीड जिल्ह्याची गोष्ट तर देशभर गाजली. जून २०१९ मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितलं, की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ पिशव्या काढल्या गेल्या. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. दर सहा बायकांमागे एक!

या बायका आपल्याला परक्या नाहीत. ऊसतोडीच्या हंगामात त्या आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या फडांत कोयता घेऊन उभ्या असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली, एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जाणार. फडात संडास नाही, पाणी नाही, कपडा बदलायला आडोसा नाही. अशा वेळी दर महिन्याला पाच-सहा दिवस रक्त वाहत असेल, तर "ही कटकटच नको" असं तिला वाटणारच. तिचं वाटणं समजण्यासारखं आहे. पण त्या वाटण्यावर सही-शिक्का मारून तिला टेबलावर घेणारे आपण कोण?

"कॅन्सर होईल" ही भीती

पिशवी काढायला तयार करणारं सगळ्यात मोठं वाक्य म्हणजे "आत्ता काढली नाही तर पुढे कॅन्सर होईल."

सोनोग्राफीच्या अहवालात तीन-चार शब्द हमखास असतात. 'बल्की युटेरस', म्हणजे पिशवी जरा मोठी. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी असणं यात नवल काय? 'नाबोथियन सिस्ट', म्हणजे पिशवीच्या तोंडावर द्रवाने भरलेली निरुपद्रवी पुटकुळी. 'छोटा फायब्रॉइड', म्हणजे मांसाची गाठ. ती असंख्य बायकांमध्ये असते, बहुतेकींना आयुष्यभर काही त्रास देत नाही आणि तिचा कॅन्सर होणं अत्यंत दुर्मीळ. तपासणीत 'इरोजन' दिसलं की बाईला सांगितलं जातं "तोंडाला जखम आहे". ती जखम नसते. पिशवीच्या आतलं नाजूक अस्तर तोंडावर थोडं बाहेर आलेलं असतं, एवढंच.

पण 'सूज', 'गाठ', 'जखम' हे तीन शब्द एका दमात ऐकल्यावर कुठली बाई शांत राहील?

आता गंमत पाहा. ही भीती जिथे घातली जाते, तिथून तासाभराच्या आत बार्शी आहे. बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. भारतातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये याच बार्शीत सुरू झाली. याच हॉस्पिटलने टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या साथीने तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात फार मोठं काम केलं. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायकांचा त्यात अभ्यास झाला. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पिशवीच्या तोंडाची एचपीव्ही तपासणी आयुष्यात फक्त एकदा केली, आणि दोष सापडलेल्यांवर उपचार केले, तर त्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी होतात, हे जगाला आपल्या या बायकांनी दाखवून दिलं. त्यांनी पिशव्या काढल्या नव्हत्या. त्यांनी तपासणी करून घेतली होती.

जगाने हा धडा घेतला. आपण मात्र बार्शीच्या उशाला बसून अजून "कॅन्सर होईल, पिशवी काढा" म्हणतो आहोत.

डॉक्टर मंडळींसाठी एक गोष्ट ठणकावून लिहिते. तपासणी न करता कॅन्सरच्या शंकेने साधी पिशवी काढणं हे दोन्हीकडून चूक आहे. कॅन्सर नसेल तर ती शस्त्रक्रिया अनावश्यक. आणि पिशवीच्या तोंडाचा पसरू लागलेला कॅन्सर खरंच असेल, तर नेहमीची शस्त्रक्रिया अपुरी, चुकीची. त्याला वेगळी मोठी शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन लागतं. एकदा अर्धवट काम झालं की पुढचे उपचार अवघड होऊन बसतात. म्हणजे शंका असेल तर आधी तपासणी, बायोप्सी. शंका नसेल तर भीती घालू नका.

जास्त जातंय हे कसं ओळखायचं?

पूर्वी पुस्तकात लिहिलेलं असायचं, एका पाळीत ८० मिलीपेक्षा जास्त रक्त गेलं तर ते जास्त. आता ते मोजमाप मागे पडलं. कपड्यावरचं रक्त मोजणार कोण? आता साधी व्याख्या आहे: ज्या रक्तस्रावामुळे बाईच्या रोजच्या जगण्यावर, शरीरावर, मनावर परिणाम होतो, तो जास्त. दर तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागतं, मोठ्या गाठी पडतात, रात्री अंथरूण खराब होतं, आठ दिवसांच्या वर चालतं, धाप लागते, शेतावर जाणं जमत नाही. यातलं काहीही असेल तर दाखवा. मोजपट्टी तुमची.

मग कारण शोधायचं. पिशवीत मस्सा आहे का, अस्तर पिशवीच्या मांसात शिरलं आहे का (याला अडिनोमायोसिस म्हणतात), फायब्रॉइड आतल्या पोकळीत डोकावतोय का, अस्तर प्रमाणाबाहेर वाढलंय का, थायरॉइड बिघडलाय का, रक्त गोठण्यात दोष आहे का, रक्त पातळ करणारं औषध चालू आहे का, तांब्याची तांबी बसवलेली आहे का. आणि आपल्या भागातलं खास कारण: वारी, लग्न, पूजा यांसाठी दुकानातून आणून घेतलेल्या पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या! त्या थांबवल्या की धो धो जातं, आणि दोष येतो पिशवीवर.

ठिबकची नळी गळते म्हणून कुणी विहीर बुजवत नाही. आधी गळती कुठे आहे ते बघतात.

मधल्या पायऱ्या

पहिली पायरी गोळ्यांची. ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिडच्या गोळ्या पाळीचे पहिले चार-पाच दिवस योग्य मात्रेत घेतल्या तर रक्तस्राव साधारण चाळीस ते पन्नास टक्क्यांनी कमी होतो. मेफेनॅमिक अ‍ॅसिडने दुखणंही थांबतं आणि रक्तही थोडं कमी होतं. ज्यांना चालतात त्यांना हार्मोनच्या गोळ्या. रक्ताच्या गुठळ्या होण्याचा इतिहास, जास्त रक्तदाब, अर्धशिशी असेल तर मात्र डॉक्टरांना आधी सांगा. सोबत लोह हवंच, तोंडाने किंवा शिरेतून. हिमोग्लोबिन सातवरून अकरावर गेलं की निम्म्या बायकांचा "अंगात जीवच न्हाई" हा त्रास तिथेच कमी होतो, असा माझा अनुभव आहे.

दुसरी पायरी हार्मोनच्या तांबीची. दिसायला तांबीसारखीच, पण तिच्यात तांबं नसतं. ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल नावाचं हार्मोन असतं, ते रोज थोडं थोडं पिशवीच्या अस्तरावरच पाझरतं. अस्तर पातळ राहतं, म्हणून रक्त कमी जातं. तांब्याच्या तांबीने रक्त वाढतं, हिने कमी होतं. नावात 'तांबी' आहे म्हणून घाबरू नका. ओपीडीत काही मिनिटांत बसते, पाच वर्षं काम करते, नको वाटली तर काढता येते. वर्षभरात बहुतेकींचा रक्तस्राव अगदी थोडा उरतो, काहींची पाळी बंदच होते.

"पाळी बंद झाली तर घाण रक्त आत साठेल ना?" नाही. अस्तर वाढतच नाही, तर साठणार काय?

एकच गोष्ट आधी सांगायला हवी, आणि नेमकी तीच कुणी सांगत नाही. पहिले तीन ते सहा महिने थोडं थोडं, अवेळी डाग लागत राहतात. हे माहीत नसेल तर बाई दुसऱ्या महिन्यातच "काढा ही" म्हणून येते आणि गावात सांगते, त्याने काय होत न्हाई.

फिनलंडमध्ये २३६ बायकांवर एक चांगला अभ्यास झाला. सगळ्यांना रक्तस्रावाचा त्रास होता. चिठ्ठी टाकून निम्म्यांना ही तांबी बसवली, निम्म्यांची पिशवी काढायचं ठरवलं. पाच वर्षांनी पाहिलं तर दोन्ही गटांचं समाधान आणि आयुष्याचा दर्जा जवळपास सारखाच होता, आणि तांबीवाल्यांचा खर्च बराच कमी. खरं पूर्ण सांगायचं तर तांबी बसवलेल्यांपैकी ४२ टक्के जणींची पाच वर्षांत शेवटी पिशवी काढावी लागली. पण उरलेल्या ५८ टक्के जणी चाकूशिवाय सुटल्या. शंभरातल्या ५८!

तिसरी पायरी म्हणजे अस्तर जाळण्याची प्रक्रिया, एंडोमेट्रियल अब्लेशन. हिच्यात पोटावर छेद नाही, टाका नाही. योनीमार्गातून पिशवीत एक बारीक नळी जाते. तिच्या टोकाला फुगा असतो. तो द्रवाने फुगवून साधारण ८७ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि आठ मिनिटं ठेवतात. आतलं अस्तर मुळापासून भाजतं आणि पुन्हा नीट वाढत नाही. हा थर्मल बलून. अमेरिकेत त्याला १९९७ मध्ये मान्यता मिळाली, म्हणजे तो काही कालचा शोध नाही. दुसऱ्या प्रकारात फुग्याऐवजी जाळी असते आणि रेडिओ लहरींनी ती दीड-दोन मिनिटांत काम करते. दुर्बिणीतून तारेने अस्तर कापून काढण्याची त्याही आधीची पद्धत आहे. तिला कसबी हात लागतो. बाई बहुतेक त्याच दिवशी घरी जाते. दोन-तीन आठवडे पाण्यासारखा स्राव जातो. पाळी एक तर खूप कमी होते, नाहीतर बंद होते.

फुगा म्हणजे जादू नव्हे

हे वाचून काही जणी उद्या फोन करतील, "मॅडम, फुगा बसवायचाय." थांबा! पिशवी काढायची घाई जितकी वाईट, तितकीच "दहा मिनिटांत पाळीपासून मुक्ती" ही जाहिरात वाईट.

ज्यांना अजून मूल हवं आहे त्यांच्यासाठी अब्लेशन नाही. अब्लेशननंतर गर्भ राहिला तर तो आई आणि बाळ दोघांना धोक्याचा, म्हणून पुढे गर्भनिरोधनाची सोय पक्की लागते. अस्तराची बायोप्सी केल्याशिवाय ते जाळायचं नाही, कारण आत कॅन्सर किंवा त्याच्या आधीची वाढ असेल तर ती झाकली जाते. मोठा फायब्रॉइड पोकळी वाकडी करत असेल, पिशवी फार मोठी असेल, अंगात जंतुसंसर्ग असेल तर नाही. सिझेरियन झालं असेल तर आधी व्रणाची जाडी बघावी लागते. अडिनोमायोसिस असेल तर यश कमी.

आणि आपल्या भागासाठी दोन गोष्टी विशेष महत्त्वाच्या. पहिली, आपल्या बहुतेक बायकांचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं असतं. नळ्या बांधलेल्या बाईचं अस्तर जाळलं, तर काहींच्या पिशवीच्या कोपऱ्यात थोडं अस्तर उरतं, तिथलं रक्त बाहेर येऊ शकत नाही आणि दर महिन्याला एका बाजूला कळ येते. हे थोड्या जणींना होतं, पण आधी सांगायला हवं.

दुसरी गोष्ट वयाची. कॅलिफोर्नियात ३,६८१ बायकांच्या अब्लेशनच्या नोंदी तपासल्या गेल्या. वय जितकं कमी, तितकी पुढे पिशवी काढावी लागण्याची शक्यता जास्त. चाळीस किंवा त्याहून कमी वयाच्या बायकांत ती शक्यता ४० टक्क्यांच्या वर गेली. साधी गोष्ट आहे: पाळी जायला दहा-पंधरा वर्षं बाकी असतील तर भाजलेल्या अस्तराला पुन्हा उगवायला भरपूर वेळ मिळतो. म्हणून पंचेचाळिशीच्या बाईला फुगा चांगला, आणि बत्तिशीच्या बाईला गोळ्या किंवा हार्मोनची तांबी. बत्तिशीच्या बाईला थेट पिशवी काढायचा सल्ला? त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

"पण मॅडम, बायकाच मागतात!"

माझ्या व्यवसायबंधूंची ही नेहमीची ढाल. आपण उत्तर देऊ.

बाई पिशवी मागत नाही. ती त्रासातून सुटका मागते. तिला तीन दरवाजे दाखवले आणि तिने तिसरा निवडला, तर ती तिची निवड. एकच दरवाजा दाखवला तर ती निवड नव्हेच. पेशंटने मागितलं म्हणून आपण सर्दीला सलाईन लावतो का? (लावणारे आहेत, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

"गोरगरीब पेशंट परत दाखवायला येत नाही, एकदाच काय ते उरकावं." हा मुद्दा खरा आहे आणि मला तो टोचतो. ऊसतोडीला गेलेली बाई सहा महिने गावात नसते. पण मग याच कारणासाठी पाच वर्षं न बघता चालणारी तांबी अधिक सोयीची नाही का? आणि पिशवी काढली की पाठपुरावा संपतो, असं कुणी सांगितलं?

"तांबी महाग आहे, फुगा महाग आहे." तांबीचा खर्च काही हजारांत आहे आणि परदेशी मिरेनापेक्षा स्वस्त भारतीय बनावटीच्याही मिळतात. पिशवी काढायचा खर्च, भरती, औषधं, दीड-दोन महिने बुडालेली मजुरी आणि सोबत राहणाऱ्या माणसाची मजुरी धरली तर हिशोब कुठे जातो ते मांडून बघा. हा हिशोब बाईसमोर कुणी मांडत नाही. उलट, शस्त्रक्रियेची वाटखर्चासकट सोय लगेच होते. कारण तांबी बसवून दवाखान्याला फारसं काही मिळत नाही, पिशवी काढून मिळतं. बोलायला कडू आहे, पण खरं आहे. शिवाय हे चुकीचे सल्ले देणारे सगळे लोभी नसतात. बरेच जण तेच शिकले, तेच करत आले. सवय लोभापेक्षा चिवट असते.

पिशवी गेली म्हणजे कटकट गेली?

"मुलं झाली, आता पिशवीचा उपयोग काय?" हे वाक्य बायका बोलतात, नवरे बोलतात, आणि शरमेने लिहिते, डॉक्टरही बोलतात.

पिशवीसोबत अंडाशयही काढले तर पस्तिशीच्या बाईला एका दिवसात पन्नाशी गाठावी लागते. अंगातून वाफा, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं, हृदयाचा धोका वाढणं. बऱ्याच बायकांना आपले अंडाशय ठेवलेत की काढलेत हेसुद्धा माहीत नसतं! डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत लिहिलेलं असतं, आणि ते कार्ड पत्र्याच्या पेटीत.

अंडाशय ठेवले तरी सगळं ठीक असतं असं नाही. त्यांचा रक्तपुरवठा कमी होऊन पाळी जाण्याचं वय काही वर्षं अलीकडे येऊ शकतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २०१८ मध्ये अंडाशय राखून पिशवी काढलेल्या बायकांचा वीसेक वर्षांचा आढावा प्रसिद्ध केला. पस्तिशीच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांत हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराचा धोका अडीच पट दिसला. अशा अभ्यासाने शस्त्रक्रियाच कारण आहे हे सिद्ध होत नाही. पण "काही होत नाही हो" असं म्हणायचा अधिकार तो नक्कीच काढून घेतो.

मग पिशवी कधीच काढू नये का? काढावी! कॅन्सर असेल, अस्तरात कॅन्सरच्या आधीचे बदल असतील, मोठ्या फायब्रॉइडने लघवीची कोंडी केली असेल, पिशवी फार खाली उतरली असेल, किंवा मधले उपाय नीट करूनही रक्त थांबत नसेल आणि सगळं समजून बाईने ठरवलं असेल, तर पिशवी काढणं हा उत्तम उपचार आहे. अशा शस्त्रक्रिया मीही करते आणि त्या बायका सुखी आहेत. माझं भांडण शस्त्रक्रियेशी नाही. माझं भांडण तिच्या क्रमांकाशी आहे.

आणि एक इशारा. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, संबंधानंतर रक्त आलं, पाळी नसताना मधेच येत राहिलं, किंवा घाण वासाचं पाणी जात असेल तर या लेखाचा आधार घेऊन घरी बसू नका. लगेच तपासणी करा. वय पंचेचाळिशीच्या पुढे असेल तर अस्तराची बायोप्सी टाळू नका.

तारीख घेण्याआधी हे विचारा

अनावश्यक पिशव्या काढण्याविरुद्ध राजस्थानचे डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. ५ एप्रिल २०२३ ला निकाल लागला. केंद्र सरकारची याबाबतची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असं न्यायालयाने सांगितलं. कागद छान आहे. पण कागद बाईसोबत ओपीडीत येऊन बसत नाही. प्रश्न तिलाच विचारावे लागतील. म्हणून हे पाच प्रश्न लिहून ठेवा, सासूबाईंना वाचून दाखवा, बचत गटाच्या बैठकीत सांगा.

१. मला रक्त जास्त का जातंय? नेमकं कारण काय सापडलं?

२. कॅन्सरची शंका आहे म्हणता, तर तशी तपासणी किंवा बायोप्सी झाली का? तिचा अहवाल कुठे आहे?

३. गोळ्या, हार्मोनची तांबी, फुगा, यातलं मला काय चालेल? चालत नसेल तर का नाही?

४. शस्त्रक्रिया केलीच तर अंडाशय ठेवणार की काढणार? हे मला मराठीत लिहून द्याल का?

५. पंधरा दिवस थांबलं तर काय बिघडेल?

पाचवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. रक्तस्राव जीवघेणा नसेल तर पंधरा दिवसांत आभाळ कोसळत नाही. तेवढ्या वेळात हिमोग्लोबिन वाढवता येतं, बार्शीला किंवा सोलापूरला दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेता येतं. चाळिशीच्या आत असाल तर दुसरं मत घेतल्याशिवाय सही करूच नका. आणि हे प्रश्न विचारल्यावर जो डॉक्टर चिडेल, त्याच्याकडे तर मुळीच नाही.

त्या दिवशीची ती कॅरीबॅगवाली ताई आठवते. तिला मी तारीख दिली. पिशवी काढायची नाही, तपासणीला परत यायची. ती थोडी नाराज होऊन गेली. पण आली.